सुयांवर पोतेरं, पाण्यातून शाल: जाळीची पहिली शाल कशी विणावी

जाळीची शाल विणायला घेतली की पहिले काही आठवडे सुयांवर जे लटकत असतं, त्याला घरातलं कुणी शाल म्हणणार नाही. आकसलेलं, चुरगळलेलं, कडेने गुंडाळलेलं पोतेरंच दिसतं ते. बहुतेक नवशिके इथेच हात टेकतात. त्यांची वीण चुकलेली नसते. जाळी सुयांवर उघडतच नाही, ती उघडते अगदी शेवटी, शाल भिजवून टाचण्यांनी ताणल्यावर. हे आधी माहीत असलं की अर्धी धास्ती जाते.

हा लेख सुलट आणि उलट टाका येणाऱ्यांसाठी आहे. एखादा मफलर किंवा बाळाचं टोपडं विणलं असेल तर पुरे. शाल आयताकृती आहे, साधारण ४८ सेंमी रुंद आणि १७० सेंमी लांब. वीण स्कॉटलंडच्या उत्तरेकडल्या शेटलँड बेटांवरची आहे. तिथे तिला ‘ओल्ड शेल’ म्हणतात, आणि हे ‘शेल’ शिंपल्यावरून आलं असं मानतात. विणून झालेल्या शालीवर लाटांमागून लाटा दिसतात, तेव्हा नाव पटतं. याच बेटांवर अंगठीतून आरपार ओढता येतील इतक्या तलम लग्नाच्या शाली विणल्या जात. रशियातल्या ओरेनबर्गच्या बकरीच्या लवीच्या शाली आणि एस्टोनियातल्या हापसालूच्या शाली या तिच्या नात्यातल्याच, पण पहिल्या खेपेला त्यांच्या वाटेला जाऊ नका. हापसालूच्या विणीत एकाच टाक्यातून पाच-सात टाके काढून पुढच्या ओळीत त्यांचा एक करतात. त्यात भल्याभल्यांची बोटं अडतात.

आपल्याकडे लोकरीची शाल कशाला, असं भुसावळच्या मे महिन्यात कुणी विचारलं तर उत्तर नाही. पण थंडीच्या लाटेत धुळ्याचा पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो आणि पहाटेच्या एसटीत खिडकीची काच कधी नीट लागत नाही. जाळीची शाल वजनाला दीडशे ग्रॅमच्या आसपास, पण छिद्रांत हवा धरून ठेवते म्हणून वजनाच्या मानाने ऊबदार. रोज तासभर विणलं तर नवशिक्याला सुमारे चाळीस दिवस लागतात. दसऱ्याला टाके घातले तर कडाक्याच्या थंडीआधी शाल अंगावर येते. एप्रिल-मेमध्ये सुरू करू नका. घामेजल्या हातात लोकर सुयांना चिकटते, टाके घट्ट होतात आणि फिकट रंग मळतो.

१. आधी लोकर, कारण सगळ्यात मोठी फसगत इथेच

जळगावचं फुले मार्केट असो की धुळ्याचा आग्रा रोड, दुकानात ‘लोकर’ मागितली की समोर बहुतेक वेळा अॅक्रिलिक येतं. स्वेटरला ते चालतं. या शालीला चालत नाही. खरी लोकर ओली करून ताणली आणि ताणलेलीच वाळवली की त्याच आकारात राहते. अॅक्रिलिक पाण्याला दाद देत नाही, वाळल्यावर पुन्हा आकसतं. त्यावर वाफेची इस्त्री फिरवून जाळी उघडता येते हे खरं, पण उष्णता जरा जास्त झाली की धागा मेल्यासारखा लुळा आणि चकचकीत होतो. तो परत सुधारत नाही.

लेबलवर ‘१०० टक्के वूल’ किंवा ‘मेरिनो’ लिहिलेलं बघा. लेबल नसेल तर बोटभर धागा चिमट्यात धरून, खाली स्टीलची ताटली ठेवून, काडीने पेटवा. लोकर असेल तर जळलेल्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. अॅक्रिलिक वितळून कडक मणी बनतो.

जाडी फोर प्लाय घ्या, म्हणजे १०० ग्रॅममध्ये साधारण ४०० मीटर धागा. ‘प्लाय’च्या आकड्यावर विसंबू नका, कंपनीगणिक फरक पडतो. लेबलवरचे मीटर मोजा. या शालीला ५५० ते ६०० मीटर लागतात. १५० ग्रॅम काठावर पुरतात, म्हणून २०० ग्रॅम घ्या. सगळे गुंडे एकाच रंग-लॉटचे हवेत. लॉट नंबर वेगळा असेल तर दुकानात सारखा दिसणारा रंग शालीवर पट्टा पडून दिसतो.

रंग एकच, फिकट ते मध्यम. काळ्या किंवा गडद निळ्या लोकरीत रात्री बल्बखाली टाके दिसत नाहीत. ठिपक्यांची, बहुरंगी लोकर तर नकोच, तिच्यात जाळी हरवते.

घोंगडीची देशी लोकर भरड असते, मानेला टोचते, या कामाची नाही. आणि कापसाच्या मुलखात सुती धागा का नको? सुती शाल फेब्रुवारीतही वापरता येते हे खरं, पण सुताला लवचीकपणा नसतो. टाके एकसारखे ठेवायला हात मुरलेला लागतो, आणि शाल स्वतःच्या वजनाने लांबत जाते. दुसरी शाल सुती करा.

२. सुया आणि नंबरचा घोळ

४.५ मिमी जाडीच्या सुया लागतील. नंबर सांगून मागाल तर फसाल. आपल्याकडे जुनी ब्रिटिश पद्धत चालते. तिच्यात नंबर वाढला की सुई बारीक होते: ६ नंबर म्हणजे ५ मिमी, ८ नंबर म्हणजे ४ मिमी. अमेरिकन पद्धत उलटी, तिथे ८ नंबर म्हणजे ५ मिमी. गंमत म्हणजे ७ नंबर दोन्हीकडे ४.५ मिमीच. इंटरनेटवरचा नमुना बघून सुया घ्यायच्या तर नेहमी मिलिमीटर बघा.

सरळ सुया चालतील, पण ८० सेंमीची वायरची गोल सुई जास्त सोयीची. तिच्यावरही पुढे-मागे फिरवून सपाट विणता येतं, आणि शालीचं वजन मनगटावर न येता मांडीवर राहतं. स्टीलच्या सुईवरून टाके भराभर सरकतात, नवख्या हातातून निसटतातही. बांबूची सुई टाके धरून ठेवते. पहिल्या शालीला बांबू.

३. बाकीचं साहित्य

- टाके घालायला ५ मिमीची एक सुई
- खुणेच्या ६ कड्या. विकतच्या नसतील तर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याच्या छोट्या गाठी मारलेल्या कड्या
- आधाराच्या दोऱ्यासाठी (चूक झाली तर उसवणं जिथे थांबतं तो दोरा, भाग ८) गुळगुळीत, पांढरा, जाड सुती दोरा. लाल नको, धुताना रंग सुटतो
- बोथट टोकाची जाड सुई
- बारीक क्रोशाची सुई, निसटलेला टाका उचलायला
- स्टेनलेस स्टीलच्या ६० ते ८० टाचण्या
- मोजपट्टी, वही, पेन्सिल

टाचण्यांवर पैसे वाचवू नका. साध्या टाचण्या ओल्या लोकरीत गंजतात आणि तो डाग निघत नाही.

४. दोन नव्या गोष्टी: जाळी आणि दोनाचा एक

जाळी म्हणजे दोरा दोन सुयांच्या मधून पुढे आणायचा आणि उजव्या सुईवरून मागे नेत पुढचा टाका सुलट विणायचा. सुईवर एक तिरका वेढा वाढतो. पुढच्या ओळीत तो नेहमीच्या टाक्यासारखा विणला की त्याखाली छिद्र राहतं. वेढा उलट्या दिशेने घेतला किंवा पुढच्या ओळीत मागच्या बाजूने सुई घालून विणला तर तो पिळला जातो आणि छिद्र मिटतं. जाळी कुठे उघडी, कुठे बंद दिसत असेल तर कारण हेच.

दोनाचा एक म्हणजे दोन टाक्यांत एकदम सुई घालून एक सुलट टाका काढायचा. जाळीने जेवढे टाके वाढतात तेवढेच दोनाच्या एकाने कमी होतात, म्हणून शालीची रुंदी कायम राहते. सगळा हिशेब एवढाच आहे.

हात सैल ठेवा. दोनाच्या एकात सुई शिरत नसेल तर तुम्ही घट्ट विणताय. टाका सुईच्या टोकावर नाही, जाड भागावर घट्ट बसला पाहिजे, मगच पुढचा घ्या.

५. आधी तुकडा विणा

४२ टाके घालून (एक लाट १८ टाक्यांची, म्हणजे दोन लाटांचे ३६ आणि कडांचे ६) खालच्या विणीच्या (भाग ७) चार ओळी पाच वेळा विणा, टाके सैल बंद करा. तिसऱ्या ओळीत कंसातलं इथे दोनदाच येतं. मग तुकडा धुवा, ताणून टाचा आणि वाळल्यावर मोजा. न धुता मोजलेलं माप कामाचं नाही. एका लाटेची रुंदी ९ सेंमीच्या आसपास आली तर सुई बरोबर. ८ पेक्षा कमी असेल तर ५ मिमीची सुई घ्या, साडेदहाच्या वर गेली तर ४ मिमीची. या तुकड्यात वीण पाठही होते, शिवाय लोकर खरी होती का तेही कळतं. तुकडा टाचण्या काढताच आकसला तर दुकानदाराने अॅक्रिलिक दिलं आहे.

६. टाके घालणं

५ मिमीच्या सुईवर ९६ टाके: पाच लाटांचे ९० आणि दोन्ही कडांचे ३-३. पद्धत अशी घ्या की प्रत्येक नवा टाका आधीच्या टाक्यातून सुलट विणून काढायचा आणि डाव्या सुईवर चढवायचा. अंगठ्यावर वेढे घेऊन घातलेले टाके इथे उपयोगाचे नाहीत, सैल-घट्ट होतात. सुरुवातीची कड घट्ट झाली तर शालीचं हे टोक पुढे कितीही ताणलं तरी लाटेसारखं वळत नाही, आणि ही चूक शेवटाला कळते.

४.५ मिमीच्या सुईवर येऊन चार ओळी नुसत्या सुलट विणा. चौथ्या ओळीत खुणेच्या कड्या घाला: पहिल्या ३ टाक्यांनंतर एक, मग दर १८ टाक्यांनी एक. शेवटची कडी शेवटच्या ३ टाक्यांआधी येते. एकूण ६.

७. चार ओळींची वीण

पहिली ओळ (सुलट बाजू): सगळे टाके सुलट.

दुसरी ओळ (उलट बाजू): सुलट ३, मग शेवटचे ३ उरेपर्यंत उलट, सुलट ३.

तिसरी ओळ: सुलट ३, [दोनाचा एक ३ वेळा, (जाळी, सुलट १) ६ वेळा, दोनाचा एक ३ वेळा] हे कंसातलं एकूण ५ वेळा, सुलट ३.

चौथी ओळ: सगळे टाके सुलट. ही उलट बाजूची ओळ आहे, म्हणून सुलट बाजूवर आडवी उंच रेघ उठते. ती हवीच, लाट तिच्यानेच दिसते.

या चार ओळींची एक फेरी, अशा सुमारे १२० फेऱ्या. आकडा बघून घाबरू नका. चारपैकी एकाच ओळीत लक्ष द्यावं लागतं. बाकी तिन्हींत हात आपोआप चालतात, समोरच्याशी बोलता येतं, मालिका ऐकता येते (बघता नाही येत). पंधरा-वीस फेऱ्या झाल्या की तिसरी ओळही बोटांना पाठ होते: तीन वेळा मिटायचं, सहा वेळा उघडायचं, तीन वेळा मिटायचं. या विणीची चटक लागते ती इथून. आणखी एक फेरी, मग झोपू, असं म्हणता म्हणता अकरा वाजतात.

तिसऱ्या ओळीचा एक बारकावा. दोन लाटा जोडून येतात तिथे पहिलीचे तीन आणि दुसरीचे तीन मिळून ‘दोनाचा एक’ सलग सहा वेळा येतो. मध्ये कडी असते. ती सरकवायला विसरू नका, आणि जाळीचा वेढा कडीच्या पलीकडे उडी मारून जात नाही ना ते बघा.

वहीत प्रत्येक फेरीला एक काडी मारा. चार उभ्या, पाचवी आडवी, दुकानदार पोती मोजतात तशी.

इतर नमुने बहुधा चौकटींच्या तक्त्यात असतात. त्यात सुलट बाजूची ओळ उजवीकडून डावीकडे वाचायची, उलट बाजूची डावीकडून उजवीकडे. पुस्तकासारखं सगळं डावीकडून वाचलं की नक्षी फिसकटते.

८. चुका: कुठे होतात, कशा निस्तरायच्या

प्रत्येक तिसऱ्या ओळीनंतर, चौथी विणतानाच, दोन कड्यांमधले टाके मोजा. १८ असलेच पाहिजेत.

१७ भरले तर बहुतेक एक जाळी राहिली. उसवू नका. ती जिथे हवी होती तिथे दोन टाक्यांमधला आडवा धागा डाव्या सुईने उचला आणि टाका म्हणून विणा. हे छिद्र जरा लहान राहतं, धुऊन ताणल्यावर ओळखू येत नाही. १९ भरले तर एकदा दोनाचा एक करायचा राहिला. तो एकटा भाग उलटा, टाका-टाका सोडत मागे जाऊन दुरुस्त करा. सुई काढून घेऊन धागा ओढत उसवण्याचा मोह आवरा. जाळीत जाळीचे वेढे लगेच विरघळतात आणि कुठला टाका कुठला हे कळेनासं होतं.

यासाठीच आधाराचा दोरा. दर तीन फेऱ्यांनी, चौथी ओळ संपली की, बोथट सुईत सुती दोरा ओवून सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून तो आरपार न्या. कड्यांमधून नेऊ नका, नाहीतर त्या तिथेच अडकतात. दोन्ही टोकं वीतभर लोंबती ठेवा. पुढे कितीही गोंधळ झाला तरी उसवणं या दोऱ्यावर येऊन थांबतं आणि टाके पुन्हा सुईवर घेता येतात. दोन दोरे आळीपाळीने वर सरकवत न्या. ‘आता जमतंय, दोरा कशाला’ असं वाटेल, त्याच फेरीत फोन येईल आणि घरातलं लेकरू सुई ओढेल.

टाका निसटून खाली पळाला तर आधी त्याला टाचणीने अडवा, मग क्रोशाच्या सुईने एकेक पायरी वर आणा. जाळीच्या भागात ते जमत नसेल तर आधाराच्या दोऱ्यापर्यंत उसवणंच शहाणपणाचं.

९. नवा गुंडा जोडणं

खरी लोकर गाठीविना जोडता येते. दोन्ही टोकं पाच-पाच सेंमी उकला, एकमेकांवर ठेवा, तळहातावर जरा ओली करा आणि दोन्ही तळव्यांत जोरात घासा. ती एकजीव होतात. लेबलवर ‘सुपरवॉश’ असेल तर होत नाहीत. मग कडेच्या तीन टाक्यांतच नवा धागा सुरू करून १५ सेंमी टोक सोडा. जाळीच्या मधोमध गाठ मारू नका, ती छिद्रातून डोकावते.

१०. टाके बंद करणं

न धुतलेली शाल १४५ सेंमीच्या आसपास झाली की थांबा, ताणल्यावर ती १७० होते. चार ओळी सुलट विणा. मग दोन टाके सुलट विणा, दोन्ही डाव्या सुईवर परत घ्या, मागच्या बाजूने सुई घालून त्यांचा एक करा. एक सुलट, पुन्हा दोन्ही डावीकडे, पुन्हा दोनाचा एक. नेहमीच्या, एकावरून एक उडवण्याच्या पद्धतीने बंद केलेली कड या शालीला आखूड पडते. या कडेला निदान ३ मीटर धागा लागतो, तेवढा राखून ठेवा.

दोन्ही टोकांच्या लाटा एकमेकींचं हुबेहूब प्रतिबिंब होणार नाहीत. जुन्या शेटलँड पद्धतीत त्यासाठी दोन अर्धे भाग विणून मध्ये सुईने सांधतात. पहिल्या शालीत हा फरक डोळ्याआड करा.

११. धुणं आणि ताणणं

कोमट पाण्यात लोकरीचं सौम्य द्रव किंवा रिठ्याचं पाणी घालून शाल २०-३० मिनिटं बुडवून ठेवा. चोळू नका. स्वच्छ पाणीही त्याच तापमानाचं घ्या. गरमातून एकदम गार पाण्यात टाकून हाताळली की लोकर आटते. बाहेर काढताना खालून दोन्ही हातांचा आधार द्या, एका टोकाने उचललेली ओली शाल लांबते. पिळायची नाही. पंच्यावर पसरा, पंच्यासकट गुंडाळी करा आणि वरून दाबा.

आता गादीवर जुनी, चौकड्यांची चादर अंथरा. चौकडीच्या रेघा म्हणजे फुकटची मोजपट्टी, शाल वाकडी ताणली जात नाही. आधी लांबीच्या दोन्ही टोकांना मध्यभागी टाचा, मग चार कोपरे, मग लांब कडांवर दर ८-१० सेंमीला एक टाचणी. आखूड कडांवर प्रत्येक लाटेच्या शेंड्याला टाचणी लावून ती बाहेर ओढा. टाचणी बाहेरच्या बाजूला तिरकी खोचा, सरळ खोचलेली ताणाने उपटते. सगळ्या टाचण्या एकदम पक्क्या बसवू नका, दोन-तीनदा फिरून थोडं थोडं ताणा. इथे पोतेऱ्याची शाल होते, डोळ्यांदेखत, अर्ध्या तासात.

शेटलँडमध्ये यासाठी लाकडी चौकटी वापरत, आणि तिथल्या दमट हवेत वाळायला वेळ लागे. खान्देशच्या कोरड्या थंडीत पंख्याखाली एका दिवसात शाल वाळते. गच्चीवर किंवा धाब्याच्या घराच्या छतावर उन्हात टाकण्याचा मोह नको, ऊन रंग खातं आणि धूळ ओल्या लोकरीत बसते. हाताला कोरडी लागली तरी टाचण्या रात्रभर राहू द्या. दमट असताना काढल्या तर कडा परत आत ओढल्या जातात. धाग्यांची टोकं यानंतर उलट बाजूला ओवून कापा. आधी कापली तर ताणताना सुटतात.

१२. वापर आणि ठेवण

हँगरवर टांगू नका, घडी घालून ठेवा. लोकरीला कसर लागते, तीही न धुता ठेवलेल्या कपड्याला आधी. म्हणून होळीच्या सुमारास धुऊन, पूर्ण वाळवून, सुती पिशवीत वेखंडाच्या तुकड्यांसोबत किंवा वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्यासोबत ठेवा. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते. दर धुण्यानंतर पुन्हा ताणावी लागते, पण एका हंगामाला एकच धुणं पुरतं.

शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजतात त्या भरीत पार्टीला ही शाल नेऊ नका. काड्यांत अडकते, आणि धुराचा वास धुतल्याशिवाय जात नाही. बांगडीत किंवा पाटलीत अडकून धागा बाहेर ओढला गेला तर कापायचा नाही. बोथट सुईने तो फास शेजारच्या टाक्यांत थोडा थोडा वाटत दोन्ही बाजूंनी सरकवा, मग ती जागा ओल्या बोटांनी ताणून वाळू द्या.